आमच्या गावचा टावर अन् माझी हरकत नंबर ४१

फ्लेक्स सोमवारी लागला. बस स्टँड चौकात, जुन्या बाजाराच्या कंपाउंडवर, चांगला वीस फुटी. त्यावर सात मजल्यांची निळ्या काचेची बिल्डिंग, खाली चकाचक गाड्या, गोरे गोरे लोक हातात पिशव्या घेऊन फिरून राहिले, अन् वर मोठ्या अक्षरात 'शहराची नवी ओळख'. बुधवारी बाजाराला आलेल्या आमच्या खेड्यातल्या एका आबाजींनी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून तो फ्लेक्स पाच मिनिटं पाहिला अन् मले विचारलं, "काहून गा, हा टावर कोणत्या कंपनीचा हाय? आपल्या गावात रेंज येईन काय यानं?"

माझं झेरॉक्सचं अन् ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान त्याच बाजाराच्या तोंडाशी आहे. राहतो आठ किलोमीटरवरच्या खेड्यात, दोन एकर कपाशी-तूर आहे, ती बायको अन् मी मिळून पाहतो. तालुक्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही, रोज त्याच लोकांत उठणं-बसणं आहे. अन् हेही आधीच सांगतो की माझा गाळा भाड्याचा आहे आणि टावर झाला तर तो जाणार, म्हणजे माझा स्वार्थ यात होता, नव्हता म्हणणं खोटं होईल.

पहिले पंधरा दिवस तर नुसती भांडणं. झेरॉक्सच्या दुकानात सगळ्याच पार्ट्यांचे लोक येतात त्यामुळे मले सगळं ऐकू येई. मेडिकलवाले भाऊ म्हणत, सात मजले झाले पाहिजेत, आपण काय कायमचं खेडंच राहायचं का, अमरावतीले जा, नागपूरले जा, पाहा कसं करून राहिले लोकं, टावर उभा झाला की आपला जिल्हा व्हायचा रस्ता मोकळा. जिल्ह्याचा विषय निघाला की आमच्याकडे चहा थंड होतो. आमच्या दुकानात पेपर वाचायला येणारे एक रिटायर गुरुजी आहेत, ते मग सुरू होत. म्हणत, गडचिरोली १९८२ मध्ये जिल्हा झाली तेव्हा तिथं कोणता टावर होता? वाशीम १९९८ मध्ये झालं, गोंदिया १९९९ मध्ये, कोणी काच पाहून केलं का? अन् उलटं पाहा, अचलपूर. वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी, गावाला परकोट, दुल्हा दरवाजा, तो हौज कटोऱ्याचा अष्टकोनी मनोरा, इंग्रजांच्या काळात चांगला एलिचपूर जिल्हा होता तो १९०५ मध्ये अमरावतीत घालून टाकला, अन् तेव्हापासून तालुकाच आहे. पुसदनं तर वसंतराव नाईक अन् सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री दिले, झाला का जिल्हा? खुद्द नागपूर १९५६ पर्यंत राजधानी होतं बापा, मनोरे-बिनोरे कुठं कामी आले.

मेडिकलवाले म्हणत, गुरुजी तुम्ही कशालेच हो म्हणत नाही. गुरुजी म्हणत, मी कुठं नाही म्हटलं. हे असं रोज. तिसऱ्या पार्टीचं म्हणणं आणखी वेगळं, की बिल्डिंग करा पण आपल्या भागासारखी करा, दगडी जोतं, खाली व्हरांडा, वर कवेलूसारखा (कौलांसारखा) उतार, जुन्या डाक बंगल्यासारखी. मला स्वतःला ते पटत होतं पण सात मजल्यावर कवेलू कसे टाकायचे हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मग एक दिवस नगरपरिषदेतला एक ओळखीचा पोरगा पेपरची झेरॉक्स काढायला आला तेव्हा समजलं की आतल्या पानावर बारीक अक्षरात नोटीस येऊन गेली आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम ३७, विकास योजनेत फेरबदल. त्या जागेवर 'आठवडी बाजार' असं आरक्षण आहे, ते बदलून 'व्यापारी संकुल' करायचं, कोणाची हरकत किंवा सूचना असेल तर एका महिन्याच्या आत लेखी द्यावी. महिन्यातले अकरा दिवस आधीच गेलेले. आम्ही इकडे काच निळी पाहिजे का नको यावर भांडून राहिलो अन् तिकडे घड्याळ चालू होतं.

पहिली चूक माझी ही की मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. रोज दुसऱ्यांचे भरून देतो ना, हात बसलेला. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दीडशे शब्दांच्या आत, एकच विषय, सगळं नियमानं. टाकून आलो अन् घरी जाताना गाडीवर डोक्यात आलं की याला उत्तर द्यायची मुदत ३० दिवस अन् हरकतीचे उरले १९, म्हणजे नकाशा हातात येईल तेव्हा हरकत घ्यायची वेळच संपलेली असणार. दुसऱ्या दिवशी त्या पोरालाच विचारलं तर तो म्हणाला, अर्ज कशाले पाहिजे, नोटीशीतच लिहिलं आहे की नकाशा ऑफिसच्या वेळात पाहायला ठेवला आहे, या अन् पाहा. नोटीस शेवटपर्यंत वाचली नव्हती मी. दुसऱ्यांना रोज सांगतो, खालच्या टीपा वाचा म्हणून.

नकाशा पाहायला तीन चकरा झाल्या. एकदा साहेब मीटिंगला, एकदा कपाटाची चावी ज्यांच्याकडे ते रजेवर, तिसऱ्यांदा दिसला. मोबाइलनं फोटो काढू देईनात म्हणून मी वहीत हातानंच काढून घेतला. सोबत सिव्हिलची डिग्री घेऊन घरी बसलेला गुरुजींचा नातू होता, त्याला नसता नेला तर मले त्या रेघांमधलं काहीच समजलं नसतं. त्यानं दाखवलं तेव्हा पाहिलं की तळमजल्यावर सगळं शोरूम अन् पार्किंग, बाजाराचे ६४ ओटे पहिल्या मजल्यावर. पायऱ्या चढून. लिफ्ट दोन, पण जनरेटर कुठंच दाखवलेला नाही, आमच्याकडची लाईन ज्याला माहीत आहे त्याला यावर जास्त सांगायला नको. संडास-बाथरूम दुसऱ्या मजल्यापासून वर. अन् चौकाकडचं तोंड म्हणजे बरोबर पश्चिम, तीच सगळी काच, वर साध्या छज्जाचंही नाव नाही. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ डिग्री झालं होतं, आमच्याकडे त्यापेक्षा लई काही कमी नसते, दुपारी तीनच्या उन्हात त्या काचेमागं बसणाऱ्या दुकानदाराचं कूलरनं काय भलं होणार. आमच्या बुढ्यांनी वाळ्याच्या ताट्या लावल्या, भिंती दीड हाताच्या केल्या, त्यांना काय काच भेटत नव्हती म्हणून का?

पण गुरुजींच्या नातवानं एक गोष्ट सांगितली अन् सगळा खेळच बदलला. म्हणाला, काका, कलम ३७ च्या या नोटीशीत फक्त जमिनीच्या वापराचा विषय आहे. बिल्डिंग कशी दिसते, काच कोणत्या रंगाची, हे या सुनावणीत येतच नाही, तो फ्लेक्सवरचा फोटो म्हणजे नुसतं चित्र. म्हणजे गावानं ज्या गोष्टीवर पंधरा दिवस तोंड फोडलं ती कागदावर नव्हतीच. मग आम्ही ठरवलं की मुख्य हरकत आरक्षणावरच घ्यायची, की बाजाराचं आरक्षण पूर्ण काढू नका, व्यापारी संकुल करा पण तळमजल्यावर इतकी जागा आठवडी बाजारासाठीच राहील अशी अट टाका, अन् काच, जिना, जनरेटर हे सगळं खाली 'सूचना' म्हणून.

लिहायला तीन रात्री लागल्या. पहिला मसुदा गुरुजींनी वाचला अन् म्हणाले, यात 'अन्याय' हा शब्द सात वेळा आला, एकदाही चौरस मीटर आलं नाही. खोडलं. त्यांनीच सांगितलं की पथविक्रेता कायदा २०१४ मध्ये 'नैसर्गिक बाजार' असा शब्दच आहे, जिथं विकणारे अन् घेणारे वर्षानुवर्षं जमतात तो, ते टाक. टाकलं. दुसरा मसुदा बायकोला वाचून दाखवला, ती भाकरी टाकत होती, तिनं सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाली, "बाजाराच्या दिवशी आम्ही बाया सकाळपासून पाणीच पीत नाही, हे लिहिलं का तुम्ही?"

मी अकरा वर्षं त्या बाजाराच्या तोंडाशी दुकान चालवून राहिलो. माझ्या बाजूलाच सांबार (म्हणजे कोथिंबीर) विकणारी माय बसते, सकाळी सातच्या एसटीनं येते अन् संध्याकाळच्या गाडीनं जाते. तिच्यासमोर पाण्याची बाटली मी कधी पाहिली नाही हे मले त्या रात्री समजलं. मे महिन्यातही नाही. दुसऱ्या दिवशी तिला विचारलं तर ती हसली, म्हणे, "पाणी पेलं तर जाऊ कुठं भाऊ? थ्या लॉजवाल्याच्या मांगं जा लागते, अन् इकडं माल कोन पाह्यते?" तिसऱ्या मसुद्यात संडासचा मुद्दा चौथ्या नंबरवरून पहिल्यावर आला. तळमजल्यावर, बाजाराच्या बाजूला, बायांसाठी वेगळं, पाण्यासकट, बुधवारी सकाळी सहापासून उघडं. एवढं सगळं तपशिलानं लिहिलं, नाहीतर करतात अन् कुलूप लावून ठेवतात.

जमा करायला गेलो तर आवक शाखेत नवीनच अडचण. बाबूनं आधार कार्ड पाहिलं, पत्ता वाचला अन् म्हणाला, तुम्ही तर ग्रामपंचायतीतले, शहराच्या प्रश्नात तुमची हरकत कशी घेऊ? मले खरंच राग आला. बुधवारी हे शहर कोणाच्या पैशावर चालते? चाळीस-पन्नास खेड्यांचे लोक येतात म्हणून तर हा चौक आहे, नाहीतर इथं एक बस स्टँड अन् चार वकील. पण राग गिळला अन् गुरुजींच्या नातवानं मोबाइलवर कायदा काढून दिला. कलम ३७ मध्ये 'कोणत्याही व्यक्तीकडून' हरकती मागवाव्या असं आहे. रहिवाशाकडून असं नाही, मालमत्ताधारकाकडून असंही नाही. कोणतीही व्यक्ती. बाबूनं दोनदा वाचलं, आत जाऊन विचारून आला अन् शिक्का मारला. हरकत नंबर ४१. पोच घेतल्याशिवाय हलू नका, तारीख अन् सही दिसते का ते तिथंच पाहा, हे मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो ते या वेळी मीही केलं.

बाहेर आलो अन् त्या दोन शब्दांची झेरॉक्स काढून दुकानाच्या काचेवर चिकटवली. शेवटच्या सहा दिवसांत खेड्यातल्या लोकांच्या बऱ्याच हरकती माझ्याच दुकानात लिहिल्या गेल्या, झेरॉक्सचे पैसे घेतले, लिहायचे नाही घेतले. मेडिकलवाल्या भाऊंनी चार दिवस बोलणं सोडलं.

सुनावणी दीड महिन्यानं झाली, सभागृहात, तेव्हा नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता, त्यामुळे समोर अधिकारी अन् एक टाइप करणारी मॅडम. प्रत्येकाला तीन-चार मिनिटं. माझ्या आधी एकजण उभा राहिला, छातीवर हात ठेवून गावच्या इतिहासावर बोलला, अमरावतीले जे हाय ते आपल्याले काहून नाही, इथपर्यंत आला. साहेबांनी शांतपणे विचारलं, "ही हरकत लिहू की सूचना?" तो थांबला, मागं पाहिलं, अन् म्हणाला, "साहेब, अभिमान लिहा." सगळे हसले, मीही हसलो, पण टाइप करणाऱ्या मॅडमचे हात काही हलले नाहीत. आमचं मात्र लिहून घेतलं कारण आकडे होते. ६४ ओटे, इतके चौरस मीटर, या दिवशी या वेळात इतके विक्रेते (ते नातवानं दोन बुधवार वही घेऊन मोजले होते). काचेवर साहेब म्हणाले हा इथला विषय नाही, पण आर्किटेक्टकडे पाठवतो. संडासवर ते काहीच बोलले नाहीत, मॅडमनं मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं तेवढं.

निकाल घरी कोणी पाठवत नाही. मग पुन्हा माहितीचा अधिकार, या वेळी वेळेचं भान ठेवून. उत्तर आलं बत्तिसाव्या दिवशी, अपिलाचा फॉर्म मी भरूनच ठेवला होता. शासनाकडे गेलेल्या अहवालात हरकत नंबर ४१ पुढं 'अंशतः मान्य'. तळमजल्यावर ६४ पैकी २४ ओटे, बायांचं स्वच्छतागृह तळमजल्यावर, जनरेटर मान्य. बाकी चाळीस ओटे वरच. अन् सोबत आर्किटेक्टचा सुधारित नकाशा, त्यावर शेरा की उन्हाबाबतची सूचना विचारात घेऊन आडव्या पट्ट्या बसवल्या आहेत.

दुकानात सगळे वाकून पाहत होते, मेडिकलवाले भाऊसुद्धा. पट्ट्या खरंच होत्या, छान काढल्या होत्या. पण मागच्या बाजूला, पूर्वेला, जिकडं लॉजची भिंत आहे अन् दुपारनंतर ऊनच येत नाही. चौकाकडची काच तशीच, कारण पुढून पट्ट्या लावल्या तर फ्लेक्सवरची शोभा जाते ना. गुरुजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला अन् मला म्हणाले, कागद घे.

सांबारवाली माय तेव्हाच सुट्टे मागायला आली होती, तिनं विचारलं, "माहा ओटा वरतं हाय का खालतं?" ते अजून कोणालाच माहीत नाही, २४ कोणाला द्यायचे हे ठरायचंच आहे, म्हणून दुसरं पत्र मी तिच्यासाठी वेगळं लिहिलं. आधीचं मात्र गुरुजींनी सांगितलं तसंच टाइप केलं अन् काल नेऊन दिलं. बाबूनं विषयाची ओळ वाचली, 'सूर्य पश्चिमेस मावळतो याबाबत', माझ्याकडे पाहिलं, हसू दाबलं अन् शिक्का मारला.