पाळी चुकल्यावर येऊ, की आधी?

‘डॉक्टर, आम्ही आत्ता कुठे चान्स घ्यायला लागलोय. दिवस राहिले की येणारच आहोत तुमच्याकडे. मग फॉलिक ॲसिडची गोळी आत्तापासून कशाला?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आणि तुम्ही एकट्याच नाही विचारत. माझ्या ओपीडीत सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न बहुतेक हाच असेल. त्याचं उत्तर कॅलेंडरमध्ये आहे.

गर्भारपणाचे आठवडे आम्ही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो. गर्भधारणा नक्की कोणत्या दिवशी झाली हे सहसा कुणालाच सांगता येत नाही, पाळीची तारीख मात्र बहुतेकींना आठवते, म्हणून ही सोय. पण तिच्यामुळे हिशोब जरा फसवा होतो. अठ्ठावीस दिवसांचं चक्र धरलं, तर बीज साधारण चौदाव्या दिवशी सुटतं. म्हणजे पाळी चुकते त्या दिवशी तुम्हाला कागदोपत्री चार आठवडे झालेले असतात आणि गर्भ जेमतेम दोन आठवड्यांचा असतो. पुढच्या दोनच आठवड्यांत त्याच्या पाठीवरची पेशींची सपाट पट्टी दोन्ही कडांनी वर उचलली जाते, कडा एकमेकींना चिकटतात आणि नळी तयार होते. वरच्या टोकाचा मेंदू होतो, खालच्या भागाचा मज्जारज्जू. गर्भधारणेपासून अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास ही नळी पूर्ण मिटलेली असते. खाली मिटायची राहिली तर स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीचा कणा उघडा राहतो; वर राहिली तर ॲनेनसेफली, म्हणजे मेंदू आणि कवटी पुरती घडतच नाही. या दुसऱ्यात बाळ जगत नाही. ही नळी नीट मिटायला मदत करणारं जीवनसत्त्व म्हणजे फॉलिक ॲसिड.

आता या दोन आठवड्यांत आई काय करत असते? बहुतेकदा वाट पाहत असते. दगदग झाली असेल, पाळी पुढेमागे होतेच, असं म्हणत आठवडा जातो. मग घरी टेस्ट, मग दोन गुलाबी रेघांवर विश्वास बसत नाही म्हणून पुन्हा टेस्ट, मग रजा बघून अपॉइंटमेंट. माझ्याकडे येईपर्यंत सातवा-आठवा आठवडा लागलेला असतो. मी गोळी लिहून देते, तोवर ती नळी मिटली तरी आहे किंवा राहिली तरी आहे.

गोळीचा उपयोग होतो हे नुसतं अंदाजाने ठरलेलं नाही. आधीच्या बाळाला असा दोष असलेल्या स्त्रियांवर सात देशांत मिळून एक मोठी चाचणी झाली. 1991 मध्ये तिचे निष्कर्ष आले: गर्भधारणेच्या आधीपासून रोज 4 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांमध्ये दोष पुन्हा होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं होतं. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवली. (या जीवनसत्त्वाचा माग लागला तोही गर्भवतींमुळेच. ल्युसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर मुंबईत गर्भवतींमधल्या ॲनिमियाचा अभ्यास करत होती, आणि यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात हे तिने 1931 मध्ये मांडलं. त्या अर्कातला गुण याच जीवनसत्त्वाचा होता.) ज्यांना विशेष धोका नाही त्यांना रोज 400 मायक्रोग्रॅम पुरतं. निदान महिनाभर आधी सुरू करायचं आणि बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत घ्यायचं. मधुमेह असेल, फिट्सची औषधं चालू असतील किंवा आधीच्या बाळात असा दोष असेल, तर मात्र डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या.

खरं सांगू का, गोळी हे तुम्हाला आधी बोलावण्याचं निमित्त आहे. मला त्या भेटीत तुमची चालू औषधं बघायची असतात. फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट बाळाला घातक ठरू शकतं. पण ते मनाने बंद केलंत तर फिट येईल, तेही धोक्याचंच. औषध बदलायला वेळ लागतो आणि तो दिवस राहण्याच्या आधीच असतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या मुली तर विचारल्याशिवाय सांगतच नाहीत, कारण त्वचेचं औषध त्यांच्या लेखी औषधच नसतं. त्याने गर्भात गंभीर व्यंग होऊ शकतं; ते थांबवल्यावर किमान एक महिना जाऊ द्यावा लागतो. रुबेलाची, म्हणजे जर्मन गोवराची लस गर्भारपणात देता येत नाही, आणि घेतल्यावर पुन्हा एक महिना थांबायचं. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए1सी, शक्यतो साडेसहाच्या खाली आणून मगच चान्स घ्यावा, कारण बाळाचं हृदयही याच सुरुवातीच्या आठवड्यांत घडतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, रक्तदाब हे एका फेरीत उरकतं.

आणि बाहेर मोबाइल बघत बसलेल्या नवऱ्यालाही मी आत बोलावते. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे त्याने आज सिगारेट सोडली तर तिचा हिशोब पुढच्या तिमाहीत लागणार. बायकोने सगळी पथ्यं पाळायची आणि यांनी ‘गुड न्यूज कधी’ एवढंच विचारायचं, हे मला पटत नाही.

‘पण मला तर दिवस गेलेत आणि मी काहीच घेतलं नव्हतं,’ असं म्हणणाऱ्याही पुष्कळ असतात. जगातल्या जवळपास निम्म्या गर्भधारणा न ठरवता होतात, तेव्हा तुम्ही काही वेगळं केलेलं नाही. गोळी न घेतलेल्या बहुतेक आयांचीही बाळं धडधाकट जन्मतात. आज सुरू करा आणि सोनोग्राफी वेळेवर करा. मणक्याची रचना अठरा ते बावीस आठवड्यांच्या तपासणीत नीट दिसते.

ज्या अजून नुसत्या विचारात आहेत, त्यांनी येताना सगळ्या औषधांच्या स्ट्रिप्स घेऊन या. ब्यूटी पार्लरमधल्या मैत्रिणीने सांगितलेल्यासुद्धा.