बाजेवरचा बाज

चैत्र सरत आला की आमच्या धुळ्यातल्या देवपुरात गच्च्यांवर बाजा चढतात. बाज म्हणजे खाट. सुंभाची, नाहीतर हल्लीची नायलॉनच्या पट्टीची. तिच्यावर जुनं लुगडं अंथरायचं, पहाटे शिजवलेला गव्हाचा चीक सोऱ्यात भरायचा आणि ऊन तापायच्या आत कुरडया घालून मोकळं व्हायचं. मग ज्वारीच्या बिबड्या, मग नागलीचे पापड. महिनाभर गल्लीला चिकाचा वास. अशा ऐन हंगामात एका सकाळी मी कठड्यावर कोपरं टेकवून हातभर लांब लेन्स समोरच्या गच्चीकडे रोखून उभा होतो. लेन्समध्ये कडुनिंबाची फांदी होती. फांदीच्या मागे आक्का, त्यांच्या दोन सुना आणि अर्धवट वाळलेल्या बिबड्या.

"काय देखी राह्यना रे भाऊ?" आक्कांनी विचारलं. आवाज गोड होता, म्हणूनच मला घाम फुटला.

"पक्षी."

आक्कांनी मान वळवून पाहिलं. फांदी रिकामी होती.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट आमच्या घरात तीन वेगवेगळ्या बायकांच्या तोंडून पोचली. बायकोने मला समोर बसवून विचारलं, की जंगलातले पक्षी जंगलात जाऊन का काढत नाही? प्रश्न रास्त आहे. लळिंगचं कुरण आमच्यापासून लांब नाही. पण मला जो हवा आहे तो तिकडे जाऊन मिळेलच असं नाही, तो इथे राहतो. आमचा शेजारीच आहे तो. घरपट्टी भरत नाही एवढंच.

तो म्हणजे शिक्रा. कबुतराएवढा शिकारी पक्षी. वरून राखी-निळसर, छातीवर तांबूस बारीक आडव्या रेघा, शेपूट लांब, पंख आखूड आणि गोलसर. घारीसारखा आभाळात तरंगत बसणं हे त्याचं काम नव्हे. पानांच्या आड गुपचूप बसायचं आणि भक्ष्य दिसलं की जमिनीलगत सूर मारायचा, ही त्याची रीत. सरडे, चिमण्या, उंदीर, मोठे टोळ, कधीमधी खार. म्हणजे जे जे देवपुरात मुबलक आहे ते सगळं. आपल्याकडे वाकडी चोच दिसली की लोक 'घार' म्हणून मोकळे होतात. फार झालं तर 'ससाणा' किंवा 'बाज'. बारकाईने नावं ठेवली ती बाजदारांनी. शिकारीला पक्षी पाळणारे हे जुने लोक मादीला शिक्रा म्हणत आणि नराला चिपका, कारण मादी नराहून चांगलीच मोठी. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, ठीक आहे, हे एक बरं आहे त्यांच्यात.

पहिल्यांदा तो मला कूलरवर भेटला. मे महिना, दुपारी दोन, पारा त्रेचाळीसच्या वर, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. खिडकीबाहेरच्या कूलरच्या स्टँडवर काहीतरी आपटलं म्हणून पडदा सारला, तर चार फुटांवर तो. पायाखाली सरडा. लालभडक डोळा. नराचा डोळा वयाप्रमाणे असा लाल होत जातो, पिल्लांचा पिवळा असतो, हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच वाटलं की आपण कुणाच्या तरी जेवणात न विचारता डोकावलो. मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला होता. आणून परत येईतो स्टँडवर सरड्याची शेपटी तेवढी होती.

शेपटीचा फोटो मी काढला. अजून आहे माझ्याकडे.

त्या शेपटीपायी कॅमेरा आला, आणि पुढल्या वर्षी नाशिकच्या एका गृहस्थाकडून वापरलेली दीडशे-सहाशे मिलिमीटरची लेन्स. तिची घरात सांगितलेली किंमत खरी नाही, आणि ते घरात माहीत आहे. लेन्स आणली तीही नेमकी उन्हाळ्यात. सकाळी दहाच्या पुढे काढलेला एकही फोटो स्वच्छ येईना. पक्षी पाण्याच्या तळाशी बसल्यासारखा हलतो, कडा विरघळतात. मी त्या गृहस्थांना दोन तिखट मेसेज टाकले. मग एकदा झोप लागेना म्हणून साडेसहालाच वर गेलो, त्याच लेन्समधून त्याच फांदीवरचा बुलबुल टिपला, तर पीसन् पीस वेगळं दिसलं. लेन्समध्ये काही खोट नव्हती, आमच्या हवेत होती. पत्रे आणि स्लॅब तापले की त्यांच्यावरून गरम हवा उकळत वर जाते आणि लांबचा फोटो तिच्यातून काढायचा म्हणजे उकळत्या आधणातून पातेल्याचा तळ पाहणं. कितीही महागडी लेन्स लावा, खानदेशच्या उन्हापुढे काही चालत नाही. मी नाशिकला माफीचा मेसेज पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

बाकीच्या अडचणी जगात सगळीकडे सारख्याच असाव्यात. आभाळ पांढरंफटक असलं की कॅमेरा घाबरून सगळंच काळं करतो, पक्ष्याचा कोळसा होतो, म्हणून उजेड एक घर वाढवून ठेवायचा. उडताना पकडायचा तर शटर उघडं फक्त सेकंदाचा दोन हजारावा भाग. हे सगळं जमवून बसावं आणि आयत्या वेळी फोकसने केबलवाल्याची वायर पकडावी. माझ्याकडे धुळ्यातल्या केबलच्या वायरींचे अत्यंत सुस्पष्ट फोटो आहेत. मागे धूसर राखी असं जे काही दिसतं, तो शिक्रा.

पण खरी अडचण याच्याही आधीची. तो आलाय हे मला कळतच नाही. खारीला कळतं. ती कडुनिंबाच्या खोडाला उलटी चिकटते आणि शेपटी झटकत चिट्-चिट्-चिट् असा जो धोशा लावते, तो मांजरासाठीही असतो, पण त्या वेळी ती खाली बघते. शिक्रा असला की वर. सातभाई पक्षी एकदम सगळे मिळून कलकलतात. चिमण्यांचं उलटं, त्या चालू बोलणं अर्ध्यात तोडून जास्वंदीच्या झुडपात गप्प होतात. हे सगळं मला वर्षभरात हळूहळू वाचता यायला लागलं. पूर्वी मी याच गच्चीवर पंधरा वर्षं पेपर वाचत होतो.

त्यातही फसवणूक आहेच. 'टिटी-टिटी' अशी शिक्र्याची तीक्ष्ण हाक आली की मी जेवणावरून उठतो. बाहेर तारेवर कोतवाल पक्षी बसलेला असतो. कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो. साळुंक्या घाबरून उडाल्या की त्यांनी उकरलेले किडे हा खातो. साळुंक्यांचा घास जातो, माझं वरण गार होतं.

आणि पावश्या! गेल्या जूनमध्ये मला चक्क उघड्या फांदीवर, सकाळच्या उजेडात, छातीवर पट्टे, लांब शेपूट असा शिक्रा मिळाला. एकोणतीस फोटो. त्यातला एक मोठा करून मी कोपऱ्यावरच्या जिभाऊंना दाखवला. जिभाऊ सत्तरी ओलांडलेले, हाडाचे शेतकरी. मुलाच्या नोकरीमुळे देवपुरात येऊन पडलेत आणि दिवसभर ओट्यावर बसून आभाळाकडे बघतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल हातभर लांब धरला आणि म्हणाले, "हाऊ ते पावश्या शे."

मी वाद घातला. पट्टे दाखवले. जिभाऊंनी बोट चोचीवर ठेवलं. चोच सरळसोट. आकडा नाही, आणि पंजे म्हणावेत तर तेही नाजूक. 'पेरते व्हा, पेरते व्हा' ओरडणारा पावश्याच तो, कोकिळेच्या कुळातला. शिक्र्याचं सोंग घेऊन फिरतो, उडतोही तसाच. सातभाई बिचकून बाजूला झाले की त्यांच्या घरट्यात आपलं अंडं. ज्या पाखराच्या हाकेवर माणूस साठ वर्षं आभाळ जोखत आला, त्याला मी ते पाखरू शिक्रा म्हणून दाखवायला गेलो होतो. जिभाऊंनी मोबाइल परत दिला आणि यंदा पाऊस कधी येईल यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं.

एवढं झाल्यावर गल्लीत माझ्या शब्दाला काय किंमत राहणार? देवपुरात शिक्रा आहे यावर आक्कांचा विश्वास नव्हता, जिभाऊंचा अर्धा होता. पुरावा हवा. या बाबतीत आमचा खानदेश पोळलेलाच आहे म्हणा. इथून दोन-अडीच तासांवर शहादा. १८८० च्या दशकात खानदेशात नोकरीला असलेल्या डेव्हिडसन नावाच्या साहेबाने तिथले रानपिंगळे, म्हणजे छोटी घुबडं, मारून विलायतेच्या संग्रहालयात पाठवले. १८८४ नंतर तो पक्षी कुणाला दिसला नाही. अपवाद मानला जाई तो पक्षी गोळा करणाऱ्या कर्नल माइनर्ट्झहागेन या इंग्रज साहेबांचा. त्यांच्या संग्रहात १९१४ साली गुजरातेत मिळवलेला म्हणून एक रानपिंगळा होता. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी तपासलं, तर तो डेव्हिडसनचाच निघाला. कर्नलसाहेबांनी तो मेलेला पक्षी संग्रहालयातून उचलून, नव्याने शिवून, त्यावर स्वतःची चिठ्ठी बांधलेली. त्या चिठ्ठीपायी लोक भलतीकडे शोधत बसले होते. रासमुसेनबाईंनी जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांची गावं धरली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना रानपिंगळा समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. त्याचं चित्रीकरण झालं म्हणून प्रश्नच मिटला. गोळी न झाडता पुरावा देता येतो ही कॅमेऱ्याची मोठी सोय आहे. मी हे आक्कांच्या थोरल्या सुनेला सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, "मग तुमचा फोटो कुठाय?"

मध्यंतरी घरातही एक प्रकरण झालं. मी गच्चीवर मध्यभागी पाण्याची मातीची थाळी ठेवत असे. फोटोला मागे काही यायला नको म्हणून मोकळ्या जागी. एका सकाळी थाळीवर तीन चिमण्या अंघोळ करत होत्या. राखी रंगाची एक रेघ कठड्यावरून गेली आणि थाळीवर दोनच उरल्या, त्याही लगेच नाहीशा झाल्या. कॅमेरा माझ्या गळ्यात होता. बोट बटणावर होतं. मी काहीही काढलं नाही. बायको मागे उभी होती. ती म्हणाली, "पाणी ठेवून बोलवायचं आणि मग हे." शिक्र्यानेही काहीतरी खायला हवं, त्याचीही पिल्लं असतील, हे माझं बोलणं पुस्तकी होतं आणि तिने ते ऐकूनही घेतलं. पण दुसऱ्या दिवशी थाळी जास्वंदीच्या कुंड्यांना लागून ठेवलेली दिसली, चिमण्यांना एका उडीत आत शिरता येईल अशी. तिथे फोटोला उजेड येत नाही. मी थाळी हलवली नाही.

पिल्लं होतीच. मागच्या रिकाम्या प्लॉटमधल्या कडुनिंबावर, वर, काटक्यांचा कावळ्याच्या घरट्यासारखा पसारा. मादी बसून, नर भक्ष्य घेऊन यायचा आणि लांबूनच हाक मारायचा; ती उडून जाऊन घेऊन यायची. त्याला घरट्याशी फारसा मान नसावा. तिथले फोटो मी काढले नाहीत. आपण रोज एका झाडाखाली मान वर करून उभे राहिलो, की कावळ्यांना आणि पोरांना दोघांनाही पत्ता कळतो.

आक्कांचं मन मात्र वेगळ्याच कारणाने वळलं. यंदा त्यांच्या बिबड्यांवर चिमण्यांनी चोच मारली नाही. दरवर्षी नातवाला काठी घेऊन राखणीला बसवावं लागे, यंदा तो खुशाल खाली क्रिकेट खेळत होता. आक्कांनी दोन आणि दोन चार केले. त्यानंतर लेन्स त्यांच्या गच्चीकडे वळली तर कुणी काही बोलेना, उलट हाक यायला लागली, "भाऊ, तुन्हं पाखरू उनं!" मी कॅमेरा घेऊन धावायचो, तोवर फांदी हलत असायची.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी मी बँकेत होतो. मार्चअखेरचं काम संपून जरा श्वास घ्यायला मिळाला होता. साडेअकराला मोबाइल वाजला. आक्कांनी फोटो पाठवला होता. बिबड्या काढून झाल्यावर बाज भिंतीला उभी करून ठेवलेली, तिच्या वरच्या खुरावर शिक्रा. ऊन तिरपं आलेलं, डोळा लाल, छातीवरची प्रत्येक रेघ मोजून घ्यावी. एक पाय पोटाशी घेतलेला. तो सरळ आक्कांकडे बघत होता. त्या आठ-दहा फुटांवर असाव्यात; लुगड्याची घडी घालता घालता त्यांनी नातवाच्या मोबाइलने काढला. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात पाव भाग त्यांचा अंगठा, वाळलेल्या चिकासकट.

दुपारपर्यंत तो गल्लीभर झाला. जिभाऊंनी चोच बघितली आणि मान डोलावली.

संध्याकाळी मी आक्कांकडे गेलो. म्हटलं, आक्का, फोटो फारच सुरेख आला, द्या इकडे, कोपरा कापून अंगठा काढून देतो, मोठा करून लावा भिंतीवर. त्यांनी मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला.

"आंगठा ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "नही ते लोके म्हनतीन, फोटो तुन्हाच शे."