भांडी बाजारातला प्रभाकर

डोंबिवलीच्या नव्या घरात दार उघडलं की एक अरुंद पॅसेज लागतो. तिथे मला कंदील हवा होता, आणि तोही खरोखरचा जुना. ऑनलाइन मिळणारे कंदील बोटाने दाबले तरी चेपतात. चोर बाजारात सांगितलेल्या किमती ऐकून मी काही न घेता परतले होते. नाशिकची मावशी म्हणाली, "इकडे ये. आमच्या भांडी बाजारात वाड्यांमधून निघालेलं सामान अजून मिळतं." कल्याणहून सकाळची तपोवन एक्स्प्रेस पकडली. त्र्यंबकेश्वरची रांग, मिसळ, गंगापूर धरण हे सगळं मावसभावाच्या आग्रहाने झालं आणि छान झालं, पण त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे फार नाही.

मावसभावाने आधी नेलं ते शहराबाहेर हायवेलगतच्या एका मोठ्या दुकानात. वातानुकूलित हॉल, मंद संगीत, चहा विचारायला माणूस, आणि एक पूर्ण भिंत 'अँटिक' दिव्यांची. मधोमध जहाजावरचे पितळी दिवे होते. विक्रेता म्हणाला, सगळे गुजरातमध्ये अलंगला तोडलेल्या जहाजांवरून आलेत. जहाजाच्या डाव्या बाजूला, म्हणजे पोर्ट साइडला, लाल दिवा असतो आणि उजव्या बाजूला हिरवा. हा नियम जगभर एकच आहे, कारण रात्री समोरचं जहाज कुठल्या दिशेला चाललंय ते त्यावरूनच कळतं. इथल्या दिव्यावर 'पोर्ट' अशी पट्टी होती आणि आत काच हिरवी! मी पर्समधलं चुंबक लावून पाहिलं, ते टप्पकन चिकटलं. पितळेला चुंबक चिकटत नाही. आत लोखंडी पत्रा होता, वर पितळेचा मुलामा. किंमत साडेआठ हजार.

मुरादाबादला असे दिवे नवे बनतात, जगभर जातात, आणि त्यातले कितीतरी सुबक असतात. नवा म्हणून विकला असता तर मी कदाचित घेतलाही असता. पण आम्लाने काळवंडवलेल्या पत्र्याला शंभर वर्षांचा म्हणायचं आणि गिऱ्हाइकाला चहा पाजून ते गळी उतरवायचं, याचा मला फार राग आला. जुनी वस्तू सगळीकडून सारखी काळी पडत नाही. तिची झीज हात लागतो तिथे होते. कंदिलाच्या कडीचा मधला भाग, वात वर-खाली करायची कळ, काच उचलायचा खटका या जागा गुळगुळीत झालेल्या असतात आणि खाचाकोपऱ्यांत मळ बसलेला असतो. त्या दुकानातल्या दिव्यांच्या कड्यासुद्धा सारख्याच काळ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मावशीबरोबर भांडी बाजारात गेले. मेन रोडची गर्दी मला सोसत नाही, पण सराफ बाजार ओलांडून आत शिरलं की तांब्यापितळेचा झगझगाट आणि ठोकाठोकीचा आवाज सुरू होतो आणि मी गर्दी विसरते. गोदावरीला मोठा पूर आला की या भागात पाणी शिरतं. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला यावरून दुकानदार माल वर हलवायला घेतात. त्यामुळे जुनं सामान खाली नाहीच, सगळं माळ्यावर. ज्यांच्याकडे मावशी वर्षानुवर्षं भांडी घेते त्या दुकानदारांनी शिडी लावली आणि म्हणाले, "जा ताई वर, बघा निवांत. काकू, तुम्ही बसा इथं."

माळ्यावर लामणदिवे होते, साखळीसकट, मोर आणि पोपट बसवलेले. हंडीची फुटकी काच होती. दुकानदार खालूनच सांगत होते: वाडा पाडायला काढला की पितळ आमच्याकडे मोडीत येतं, किलोवर. बरंचसं वितळायला जातं. जोडीतला एक लामणदिवा एका वारसाकडे, दुसरा मोडीत, असंही होतं. हे ऐकून माझ्या पोटात कालवलं. ज्यांच्या घरचे वाडे जाणार आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: दिवे वजनावर देऊ नका, आणि जोडी फोडू नका.

मागे कोपऱ्यात, पोत्याखाली, कंदील सापडला. पत्र्याचा. त्याला मोडीत काही मोल नाही, म्हणूनच तो वितळण्यातून वाचलेला. धूळ पुसली तर 'प्रभाकर' ही अक्षरं उमटलेली दिसली. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील! १९१६ साली उभ्या राहिलेल्या ओगले काच कारखान्याचा. डिट्झसारखे अमेरिकन आणि फॉयरहँडसारखे जर्मन कंदील बाजारात होते त्या काळात काच आणि कंदील आपण करू शकतो हे या मराठी माणसांनी दाखवलं. माझ्या आजोळी गोठ्यात हाच कंदील असायचा, असं मावशी म्हणाली आणि तो हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिली. बाराशे रुपयांना ठरला. काच दुसऱ्या कुठल्यातरी कंदिलाची, थोडी आखूड होती. टाकीला खाली गंज होता.

मावसभावाचं मत, टाकीला भोक पाडून वायर घालू आणि बल्ब लावू, म्हणजे दुरुस्तीचा प्रश्नच नाही. दुकानदारांनी मागच्या बोळातल्या एका कारागिराकडे पाठवलं. साठीच्या पुढचे गृहस्थ, समोर स्टोव्ह आणि कथिलाच्या कांड्या. त्यांनी कंदील उलटा करून पाहिला, आमचं म्हणणं ऐकलं आणि म्हणाले, "भोक नाही पाडणार. हा पेटणारा कंदील आहे."

"काका, दोन मिनिटांचं काम आहे, शंभर रुपये देतो ना," भाऊ म्हणाला.

"म्हणूनच नाही करणार. भोक पाडलं की हा परत कधी पेटायचा नाही. बल्बच लावायचा तर बॅटरीवरचा छोटा काचेच्या आत ठेवा. टाकीला हात लावू नका."

मग त्यांनी टाकीत थोडं रॉकेल घातलं आणि कंदील वर्तमानपत्रावर ठेवला. पाणी अडेल अशा बारीक छिद्रातूनही रॉकेल पाझरतं. थोड्या वेळाने कागदावर दोन डाग उमटले. टाकी रिकामी करून सोड्याच्या गरम पाण्याने धुतली, कारण आत वाफ राहिली तर झाळताना भडका उडतो. दोन्ही जागा झाळल्या. बाजूच्या दोन नळ्यांतून तार फिरवली तेव्हा कोळ्याचं जाळं आणि काजळी बाहेर आली. या नळ्या म्हणजे कंदिलाचा जीव. वरच्या बाजूची ताजी हवा त्यांतून खाली ज्योतीपर्यंत येते, म्हणून वारा थेट ज्योतीला लागत नाही. ही नळ्यांची युक्ती १८७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन अर्विन याने काढलेली. त्यामुळेच कंदील घेताना नळी चेपलेली नाही ना, हे मी आता आधी बघते. चेपलेल्या नळीचा कंदील धूरच काढणार.

नवी वात सरळ कापून तिचे दोन कोपरे किंचित गोल केले, नाहीतर ज्योतीला शिंगं फुटतात आणि काच काळी होते. वात भिजेपर्यंत आम्हाला थांबवलं, शेजारून चहा मागवला. मग पेटवला. काच खाली घेतली, आणि हातातल्या पुठ्ठ्याने जोरात वारा घातला. ज्योत हलली, विझली नाही. बोळातली दोन पोरं बघायला थांबली. काका त्यांना म्हणाले, "बघा, फुंकरीनं नाही विझत." आणि पुन्हा वारा घातला. पोरांइतकीच मी खूश होते. या सगळ्या दुपारचे त्यांनी दीडशे रुपये घेतले, वर एक रुपया नाही. सोपं काम नाकारून अवघड काम इतक्या मनापासून करणारा माणूस मला फार दिवसांनी भेटला.

निघताना त्यांनी टाकी पूर्ण रिकामी करून, झाकण उघडं ठेवून वाळवून दिली. रॉकेल घेऊन रेल्वेत चढता येत नाही. आता कंदील पॅसेजमध्ये टांगलाय. एरवी आत बॅटरीचा पिवळसर दिवा असतो, आणि वीज गेली की रॉकेलसारखं लॅम्प ऑइल घालून खराखुरा पेटवते, खिडकी उघडी ठेवून.

काच मात्र अजून आखूडच आहे, वरच्या टोपीला नीट भिडत नाही. प्रभाकरचीच काच शोधतेय. कुणाच्या माळ्यावर असेल तर कृपया कळवा, कऱ्हाडपर्यंतही न्यायला येईन. तिथलं रेल्वे स्टेशन ओगलेवाडीलाच आहे, आणि मला ते गाव एकदा बघायचंच आहे.