‘लोकेशन’च्या रकान्यात अडकलेले चार महिने

ऑक्टोबर ते जानेवारी, चार महिने एका फुलपाखराच्या मूल्यांकनाचा माझा फॉर्म एका रकान्यावर अडकून होता. रकान्याचं नाव ‘लोकेशनची संख्या’. अजून आठवलं की चीड येते. म्हणून सगळं लिहून काढते आहे, पुढे गोव्यातून कुणी हे काम हाती घेतलं तर त्याचे तरी दिवस वाचतील.

देशातल्या धोक्यात आलेल्या फुलपाखरांच्या मूल्यांकनासाठी, म्हणजे कुठली जात किती धोक्यात आहे हे ठरवण्यासाठी, मलबार ट्री निम्फ या फुलपाखराची गोव्यातली माहिती मांडायचं काम माझ्याकडे आलं होतं. हे पिसोळं (फुलपाखराला आमच्याकडे पिसोळं म्हणतात) सह्याद्रीबाहेर जगात कुठेच नाही. त्यामुळे देशाच्या यादीत त्याची जी वर्गवारी ठरेल तीच जगाचीही. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत ते ‘निअर थ्रेटंड’ आहे, म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर. पंख पसरले की बारा ते पंधरा सेंटिमीटर, पांढरे, वर काळे ठिपके. ते उडतं असं म्हणवत नाही, तरंगतं. तांबडी सुर्ल्याच्या रानात मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उन्हाच्या एका कवडशात ते कितीतरी वेळ घोटाळत होतं. खाली आलं तेव्हा पंखांतून मागची हिरवी पानं अंधूक दिसली. वही हातात होती, पण बराच वेळ काही लिहिलं नाही.

नोंदी जमवायला फारसा त्रास झाला नाही. ओळखीच्या लोकांनी फोटो दिले, काही एका वेबसाइटवर मिळाले. २३ नोंदी झाल्या.

नकाशावर ठिपके टाकले आणि एक ठिपका झुआरीच्या पात्रात पडला, दुसरा मडगावच्या बाजारात. ट्री निम्फ मडगावच्या बाजारात! मग कळलं की दुर्मीळ जातींचं नेमकं ठिकाण अशा साइटवर मुद्दाम लपवतात, चोरट्यांच्या हाती लागू नये म्हणून. ठिपका वीसेक किलोमीटरच्या चौकटीत कुठेही दाखवला जातो. कारण रास्त आहे, पण मूल्यांकनाची चौकट दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरची असते. २३ पैकी ९ ठिपके असे होते. एकेकाला लिहून खरं ठिकाण मागितलं. सहा जणांनी दिलं, तिघांचं उत्तर आलं नाही, त्या नोंदी मी सोडल्या. फोटो काढाल तिथेच उभं राहून अक्षांश-रेखांश वहीत लिहा, ही सवय आधी लावून घ्या.

उरलेले २० ठिपके ११ चौकटींत बसले, म्हणजे ४४ चौरस किलोमीटर. ‘एन्डेंजर्ड’, म्हणजे धोक्यात, या वर्गासाठीची मर्यादा ५०० चौरस किलोमीटरच्या खाली आहे हे वाचून मी घाबरले होते. पण हा आकडा फक्त गोव्याचा. त्यातही आपण जातो देवळापर्यंत, धबधब्यापर्यंत, रस्ता नेईल तिथपर्यंत. जिथे कुणी गेलंच नाही तिथे पिसोळं नाही असं कसं म्हणायचं? हे फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा. मी ते दुसऱ्या वेळी लिहिलं.

आता तो रकाना. मला वाटलं लोकेशन म्हणजे ठिकाण, म्हणून लिहिलं २०. तीन आठवड्यांनी तपासणाऱ्यांकडून फॉर्म परत आला, शेरा एका ओळीचा: व्याख्या पाहावी. मग अभयारण्यं मोजली: म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव. लिहिलं ४. पाच आठवड्यांनी पुन्हा परत, पुन्हा तीच ओळ. चूक नेमकी कुठे आहे हे एका वाक्यात सांगता आलं असतं. सुट्टीच्या दिवशी घरदार बाजूला ठेवून काम करणाऱ्याला एवढं सांगायला काय जातं? शाळेतल्या मुलाची वही मी अशी परत केली असती तर पालक दारात आले असते.

व्याख्या मी शेवटी रात्री बसून शब्द न् शब्द वाचली. लोकेशन ठरतं धोक्यावरून. एकाच घटनेचा फटका जेवढ्या भागातल्या सगळ्या फुलपाखरांना झपाट्याने बसेल तेवढा भाग म्हणजे एक लोकेशन. म्हणजे आधी धोका ठरवायचा, मग मोजायचं. आकडा महत्त्वाचा असतो, कारण इतर अटी जुळल्या तर दहापर्यंत लोकेशन ‘व्हल्नरेबल’ (‘एन्डेंजर्ड’च्या एक पायरी अलीकडे), पाचपर्यंत ‘एन्डेंजर्ड’.

मी धोका धरला वणव्याचा. २०२३च्या मार्चमध्ये म्हादईच्या रानात वणवे पेटले होते, ते डोळ्यांसमोरून जात नव्हते. तसा फॉर्म भरला, पण पाठवण्याआधी नेत्रावळीच्या एका काकांना विचारलं. त्यांचं आयुष्य त्या रानात गेलंय. ते म्हणाले, ‘‘बाई, आग लागते ती वरच्या सुक्या रानाला. व्हाळाकाठचं ओलं रान तुमच्या आगीला दाद देत नाही. ते मरतं कुऱ्हाडीनं.’’

ट्री निम्फ राहतं त्या ओढ्याकाठच्या ओल्या रानातच. वर झाडांचा मांडव हवा, खाली सावली हवी, अळीला पार्सोन्सियासारख्या वेली हव्यात. मांडव तुटला, ऊन खाली आलं की सगळंच गेलं. मी वणव्याचा धोका दुय्यम केला, रस्ता, रेल्वे आणि वीजवाहिनीसाठी होणारी तोड मुख्य धरली, आणि एकेका कामाने कुठला सलग पट्टा उघडा पडेल ते नकाशावर रेघांनी आखलं. गोव्यापुरती लोकेशन ३ आली. प्रत्येकाचं कारण चार ओळींत लिहिलं.

या वेळी नऊ दिवसांत उत्तर आलं: स्वीकारलं. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं आणि दोघींनी गोड शिरा केला. तो तीनचा आकडा माझा आहे, याचा मला अभिमान आहे.

एक राहिलं. न दिसलेले दिवसही लिहा, किती तास चाललात, पाऊस होता का, सगळं. घट झाली की नाही हे त्यावरूनच कळतं, आणि माझ्याकडे पहिल्या दोन वर्षांचं ते नाही. अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायला वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. जूनमध्ये जायचं तर अर्ज मार्चमध्येच द्या. माझा यंदाचा अर्ज देऊन झाला आहे.