७७ गिगाहर्ट्झचा मिक्सर आणि आपल्याच गाडीचा बम्पर

गाडीच्या रडारमध्ये परतलेला सिग्नल रडारच्याच सिग्नलशी मिसळून दोघांतला फरक काढतो तो मिक्सर. त्याचं डिझाइन सुरू झालं की सगळे आधी नॉइज फिगरमागे, म्हणजे सर्किट स्वतः किती गोंगाट भरतं त्या आकड्यामागे, लागतात. माझ्या मते पहिला आकडा लिहायचा तो बम्परचा, कारण रडार त्याच्याच मागे बसतं. १०० मीटरवरच्या ट्रकपेक्षा १० सेंटिमीटरवरचं आपलंच प्लास्टिक मिक्सरला जास्त छळतं. पावसाळ्यात चाकणच्या रस्त्यावर त्यावर पाणी आणि चिखल चढला, की परतणारी ऊर्जा आणखी वाढते.

हिशोब करून बघा. ५० मायक्रोसेकंदांत १ गिगाहर्ट्झचा चर्प (फ्रिक्वेन्सी सरळ चढत जाणारा सिग्नल), म्हणजे स्लोप, चढण्याचा वेग, २० मेगाहर्ट्झ प्रति मायक्रोसेकंद. १०० मीटरवरच्या ट्रकची बीट फ्रिक्वेन्सी (मिक्सरमधून निघणारा फरक, अंतराबरोबर वाढणारा) सुमारे १३.३ मेगाहर्ट्झ येते, तर बम्परची फक्त १३ किलोहर्ट्झ. ३०० किलोहर्ट्झचा दुसऱ्या ऑर्डरचा हायपास फिल्टर (कमी फ्रिक्वेन्सी अडवणारा) बम्परला ५० डीबीहून जास्त दाबतो. पण तो फिल्टर मिक्सरच्या नंतर बसतो! मिक्सरला मार खावाच लागतो. शिवाय याच स्लोपवर ३०० किलोहर्ट्झ म्हणजे सव्वादोन मीटर, त्यामुळे सिंहगड रस्त्यावर अगदी चिकटून चालणारी स्कूटरही फिल्टरमध्ये दबते. जवळचं बघायचं तर स्लोप वाढवावा लागतो. ४० मायक्रोसेकंदांत ४ गिगाहर्ट्झ केलं, तर तीच मर्यादा ४५ सेंटिमीटरवर येते.

आता पातळी. बम्परकडून समजा उणे २० डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल) येतात. मिक्सरआधीच्या एलएनएचा (कमी गोंगाटाच्या ॲम्प्लिफायरचा) गेन १५ डीबी असेल तर मिक्सरला उणे ५ डीबीएम मिळतात. गेन १० डीबीवर आणला तर उणे १०. किंमत काय? एलएनएची नॉइज फिगर ६ आणि मिक्सरची १४ डीबी धरली, तर एकूण आकडा ६.८ वरून ८.१ डीबीवर जातो. १.३ डीबी देऊन ५ डीबी मोकळीक मिळते. मी हा सौदा घेईन. ही मोकळीक तशीच ठेवून ओल्या बम्परसाठी आणखी ५ डीबी राखावेत, म्हणजे मिक्सरचा पी१डीबी (गेन १ डीबी घसरतो ती इनपुट पातळी) ० डीबीएमच्या आसपास ठेवावा.

सीमॉस चिपमध्ये गिल्बर्ट सेल (ट्रान्झिस्टरच्या जोड्यांनी करंट उलटसुलट वळवणारा मिक्सर) वापरत असाल, तर या स्विचिंग पेअरच्या सोर्स नोडकडे, म्हणजे जोडीचे दोन्ही सोर्स जुळतात त्या बिंदूकडे, नीट बघा. तिथे २० फेम्टोफॅरड पॅरासिटिक (नको असलेली) कपॅसिटन्स जमली, की ७७ गिगाहर्ट्झला तिचा रिॲक्टन्स, म्हणजे एसी अडथळा, जेमतेम १०३ ओहम. स्विचचा जीएम (ट्रान्सकंडक्टन्स) १० मिलिसिमेन्स असेल तर ३ डीबी सिग्नल तिथेच ग्राउंडमध्ये जातो. प्रत्येक नोडला सुमारे २१५ पिकोहेन्रीचा इंडक्टर लावून ती कपॅसिटन्स रेझोनेट करावी, म्हणजे ७७ गिगाहर्ट्झला तिचा परिणाम कटतो. स्कीमॅटिकमध्ये हे दिसतच नाही, लेआउट एक्सट्रॅक्ट केल्यावरच (प्रत्यक्ष आखणीतून पॅरासिटिक काढल्यावरच) गेन कोसळलेला कळतो. फ्लिकर नॉइजचा (कमी फ्रिक्वेन्सीला वाढणाऱ्या गोंगाटाचा) त्रास असेल तर पॅसिव्ह मिक्सर बरा, कारण स्विचमधून डीसी करंट वाहत नाही. मात्र त्याला एलओचा (स्विच चालवणाऱ्या लोकल ऑसिलेटरचा) स्विंग दणदणीत लागतो.

एलओच्या दोन तारांच्या लांबीत २० मायक्रोमीटरचा फरक म्हणजे चिपवर साधारण साडेतीन अंशांचा फेजफरक. बॅलन्स बिघडला की एलओची गळती वाढते आणि सेल्फ-मिक्सिंगमुळे (एलओ स्वतःशीच मिसळल्याने) डीसी ऑफसेट वर येतो.

सिम्युलेशन दोन टोनांचं करा: १३ किलोहर्ट्झला बम्पर आणि ५ मेगाहर्ट्झला दुबळं टार्गेट. बम्परची पातळी वाढवत टार्गेटचा गेन कधी १ डीबी घसरतो ते पाहा. बरेच जण हे फक्त १२५ अंश सेल्सियसवर तपासतात, कारण नॉइज तिथे सर्वांत वाईट असतो. कॉम्प्रेशनचं उलटं आहे. उणे ४० अंशांवर एलएनएचा गेन सर्वाधिक असतो, म्हणून बम्परची चाचणी थंड कॉर्नरवर (तापमानाच्या खालच्या टोकावर) घ्यायची.