नाबोथचा मळा आणि लेकाचे ९४ मार्क

इकडे आल्यापासून लेकाला पहिल्यांदाच गणितात ९४ मिळाले, मी एवढी खूश की आधी आईला व्हिडिओ कॉल आणि मग देवाचे आभार, क्रम तोच होता, खोटं कशाला सांगू. या मार्कांवरच पुढच्या वर्षी वरच्या गटात जायचं की नाही ते ठरणार होतं.

दोन दिवसांनी रात्री घरच्या प्रार्थनेला बसलो तर हा आमेनच म्हणेना. डोळे मिटलेले आणि बोटाने उशीचा दोरा उसवत बसलेला. मग एकदम, मम्मी, पेपर आदल्या रात्रीच ग्रुपवर आला होता. कोणीतरी टीचरच्या टेबलावरून फोटो काढलेला. याने मागितला नव्हता, पुढे पाठवलाही नव्हता, फक्त उघडला आणि १२ वाजेपर्यंत तेवढीच गणितं करत बसला.

माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? "अजून कोणाला माहितीये?" लाज वाटते आता.

नवरा म्हणाला, अगं आपल्या पोराने चोरी केलीये का, फोटो काढणारा वेगळाच, आणि आपण इथे बाहेरचे, एकदा नाव खराब झालं की झालं. मला सगळं पटत होतं हो. मुलासाठीच तर सगळं सोडून इतक्या लांब आलो ना, आणि या "मुलासाठी"च्या नावाखाली आपण आईबाप काय काय खपवतो, स्वतःसाठी करायची हिंमत झाली नसती असलं पण.

नेमका त्या रविवारी संडेस्कूलचा धडा माझ्याकडे, बायबलमधला १ राजे, अध्याय २१. नाबोथ वाडवडिलांचं वतन म्हणून द्राक्षमळा द्यायला नाही म्हणतो, अहाब राजा रुसून तोंड फिरवून पडतो, जेवत नाही. मग त्याची राणी ईजबेल राजाच्या नावाने, त्याच्याच शिक्क्याने पत्रं धाडते, खोटे साक्षीदार उभे करते आणि नाबोथला दगडमार. अहाबाने काय केलं? तो फक्त उठून तयार मळा ताब्यात घ्यायला गेला. आणि देवाचा संदेष्टा एलीया त्याला तिथेच गाठून विचारतो, खून करून वर वतनही घेतलंस का? इतकी वर्षं ही गोष्ट मी पोरांना ईजबेलची म्हणून सांगत आलेय.

नवऱ्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प, मग म्हणाला, "बायबलमधल्या त्या जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत केलं, आपण ९४ चे चौपट कुठून आणायचे?" हसलो दोघं, पण ठरलं तिथेच.

सोमवारी तिघं शाळेत. टीचर ओरडल्या नाहीत, उलट तेच जड गेलं. लेकाने पेपर पुन्हा लिहिला, ६१ आले, वरचा गट गेला. फोटो कोणी पाठवला ते मात्र लेकाने सांगितलं नाही आणि आम्हीही जोर केला नाही. ते बरोबर केलं की त्यातही सोय बघितली, अजून ठरवता येत नाहीये मला, कारण त्या ग्रुपमधल्या दोघांचे आईबाप आमच्याच मंडळीतले, उपासनेला मागच्याच बाकावर बसतात.

काल रात्री लेक फोन घेऊन आला. "मम्मी, तो फोटो अजून आहे यात. उडवू की राहू देऊ?"

मी म्हटलं, पप्पाला विचार.