सलाईनची बाटली शरीरात नेमकी जाते कुठे?

हे कळायला आधी प्लाझ्मा (रक्तातल्या पेशी वगळून उरणारा पातळ भाग) आणि पेशीबाह्य द्रव (पेशींच्या बाहेरचं सगळं पाणी) यांत फरक काय, ते पाहावं लागतं. हा प्रश्नच जरा फसवा आहे, कारण प्लाझ्मा हा पेशीबाह्य द्रवाचाच एक भाग. ७० किलो वजनाच्या माणसात साधारण ४२ लिटर पाणी असतं. त्यातलं २८ लिटर पेशींच्या आत, १४ बाहेर. या १४ मधला प्लाझ्मा जेमतेम ३ ते साडेतीन लिटर. बाकीचा जवळजवळ सगळा पेशींच्या फटींत मुरलेला ऊतकद्रव. तुलना करायची तर या दोघांची.

क्षारांच्या बाबतीत दोघे जवळपास सारखेच. सोडियम लिटरमागे १४० मिलीइक्विव्हॅलंटच्या आसपास, पोटॅशियम ४. केशवाहिनीच्या (सर्वांत बारीक रक्तवाहिनीच्या) भिंतीतून पाणी आणि क्षार सहज ये-जा करतात. (पेशींच्या आत मात्र पोटॅशियमच १४० च्या घरात. म्हणून सॅम्पल घेताना रक्तपेशी फुटल्या की रिपोर्टात पोटॅशियम उगाचच वाढलेलं दिसतं.) भिंतीपाशी अडतात ती प्रथिनं. प्लाझ्मात १०० मिलीला सुमारे ७ ग्रॅम, त्यातलं निम्म्याहून अधिक अल्ब्युमिन. बाहेर बरीच कमी. वाहिनीत पाणी धरून ठेवायला याच प्रथिनांची मदत होते. मूत्रपिंडातून अल्ब्युमिन वाहून जायला लागलं की पायांवर बोट दाबल्यावर खळगा राहतो, तो त्यामुळेच.

आता सलाईन. एक लिटर एनएस (नॉर्मल सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी) दिलं तर सोडियम पेशींबाहेरच राहतं, आणि ते पाणी त्या १४ लिटरांत वाटलं जातं. तासाभराने प्लाझ्मात उरतं पाव लिटरच्या आसपास. ५ टक्के डेक्स्ट्रोजमधली साखर पेशी वापरून टाकतात, उरतं नुसतं पाणी. ते सगळ्या ४२ लिटरांत पसरतं आणि प्लाझ्माच्या वाट्याला १०० मिलीही येत नाही. बीपी पडलेल्या पेशंटला ती बाटली लावून काही साधत नाही.

डेंग्यूत तर भिंतच गळू लागते. सगळ्यांचं लक्ष प्लेटलेट्सवर, पण पाहायचा तो पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, ते): प्लाझ्मा बाहेर गेला की रक्त दाट होतं आणि पीसीव्ही मूळच्या २० टक्क्यांनी किंवा जास्त चढतो. ही गळती बहुधा ताप उतरण्याच्या सुमारास सुरू होते आणि २४ ते ४८ तास टिकते. पुढे बाहेर गेलेलं पाणी आपणहून वाहिन्यांत परततं. तेव्हाही ड्रिप त्याच वेगाने चालू राहिली, तर पाणी फुफ्फुसात साठून पेशंटला धाप लागते.